पंगतीचा फोटो

"आता कुणी हलू नका," फोटोवाल्या अल्लाउद्दीननं बजावलं. "पडवीत उजेड कमी हाय. म्या झाकण परत लावंस्तवर पापनीसुदीक हलवू नका."

भोरातल्या विद्यापीठाच्या छापखान्यातली सगळी माणसं पंगतीत ताठ बसली. पुस्तक छापून झालं की इथं सगळ्यांना जेवण असे. दर वेळी महारवाड्यातला भिमा आपलं पान घेऊन मागं विहिरीपाशी बसायचा. यंत्राला शाई लावायचं काम त्याचं. त्याच्या हातची शाई पंडितांच्या पोथ्यांनाही चालायची, पंगतीला मात्र त्याचा विटाळ व्हायचा.

यंदाचं पुस्तकच सहभोजनावर होतं. लिहिलं होतं छापखान्याचे प्रमुख आनंदराव यांनी. शिवाशीव किती रानटी आहे हे त्यांनी इतक्या जड शब्दांत सांगितलं होतं की वाचणाऱ्याला धाप लागावी. छापून झालेल्या पुस्तकात पहिल्या पानावर पंगतीचा फोटो चिकटवायचा, ही टूमही त्यांचीच. म्हणून त्यांनी भिमाला थेट आपल्या शेजारचा पाट दिला. भिमा धुतलेला सदरा घालून आला होता. निघताना बायकोला, फुलाबाईला, म्हणाला होता, "आज पंगतीत जेवनार बग."

कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण निघालं, बऱ्याच वेळानं परत लागलं. आनंदरावांचा जीव भांड्यात पडला.

"भिमा, छान बसलास हो," ते म्हणाले. "आता पान उचल आणि नेहमीच्या जागी जा. समाजाला एवढं एकदम पचत नाही. हळूहळू होईल."

पंगतीतली माणसं पानांवर वाकून जेवायला लागली. सगळ्यांना भूक लागली होती. भिमानं पानाला हात लावला नाही. तो उठला आणि उपाशीच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी अल्लाउद्दीन फोटो घेऊन आला. पुस्तक पदवीदान समारंभात मिरवायचं होतं, त्यामुळे आनंदरावांनी तो जवळजवळ हिसकावूनच घेतला. पंगत स्वच्छ आली होती. भिमाच्या सदऱ्याची शिवणसुद्धा दिसत होती. शेजारी आनंदरावांच्या जागी चेहरा नव्हताच. नुसता धुरकट पट्टा होता, भिमापासून लांब लांब ओढत गेलेला.

"तुमी हाललासा, रावसाहेब," अल्लाउद्दीन म्हणाला. "बाकी कुनीबी न्हाई हाललं."

आनंदराव पहिल्यांदाच आपल्या पायांनी यंत्रापाशी गेले. भिमा शाई घोटत होता.

"भिमा, फोटो पुन्हा काढायचाय. दुपारी परत माझ्या शेजारी बसायचं. या वेळी जेवणही तिथंच, झालं?"

भिमानं शाईवरचा हात थांबवला.

"म्या बसतो की, रावसाहेब," तो म्हणाला. "तुमच्यानं बसवंल का?"