मामा मरणार नाहीत

“वहिनी गेल्या. आता पुढच्या रहस्यकथेत दौलतमामांनाही मारून टाका, खप वाढेल,” प्रकाशक म्हणाले.

हंबीर आणि दौलतमामा ही आमची वीस वर्षांची जोडी. हंबीर अनाथ, मामांचा मुलगा वारलेला. चोर पकडता पकडता एकाला बाप मिळाला, दुसऱ्याला मुलगा. हंबीरचे संवाद मी लिहायचो, मामांचे माझी बायको.

“मामा मरणार नाहीत,” मी म्हणालो. “हंबीरला पुन्हा पोरका करणार नाही.”

“मग त्यांचं बोलणं कोण लिहिणार?”

“मी.”

घरी येऊन लिहायला बसलो. कागदावर हंबीर गुडघ्यात डोकं घालून बसला होता. मामांना दारात आणलं आणि त्यांच्या तोंडी पहिल्यांदाच माझं वाक्य घातलं, “रडून झालं असेल तर ऊठ. भात करपतोय.”