जोडकार्ड

मासिकाच्या कचेरीतून आलेल्या जोडकार्डाचं उत्तर अण्णारावांनी अजून धाडलं नव्हतं. वर्षाची वर्गणी संपली होती. अंक पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा, एवढंच कळवायचं होतं. उत्तराचा अर्धा भाग कोराच होता. रोज दुपारी ते कार्ड कोनाड्यातून काढायचे, कडांवरून बोट फिरवायचे आणि परत ठेवून द्यायचे.

"एकदाचं सांगा की काय कळवायचं ते," काशम्मा चुलीपाशी बसून म्हणायची. "बंद करा म्हणावं. असल्या दुष्काळात मासिक कुणाला परवडतंय?"

"बघू."

"बघू बघू करत पुढचा अंक यील. त्याचे पैसे काय संपादक भरतोय व्हय?"

तिचं बरोबर होतं. बहात्तरचा पाऊस दडी मारून बसला होता, ज्वारीला हात लावायची सोय नव्हती. तिनं आधी रोजचा पेपर बंद केला, मग वाचनालय. अण्णारावांनी ते चालवून घेतलं. भवानी पेठेत घरोघरी हेच चाललं होतं. शिवाय ते मुळातच अबोल. गिरणीच्या हापिसात उभी हयात गेली, तरी दुसऱ्यांदा चहा मागायला लाजायचे.

भीती शिरली ती दुधावरून.

त्या सकाळी गोजाबाई दूध घालायला दारात आली. अण्णाराव आतल्या खोलीत पडून होते. खोकल्याची उबळ नुकतीच ओसरली होती.

"एकच माप?" गोजाबाईचा आवाज आला. "दोगं हायसा की घरात."

"एकच घाल. फुडं एकालाच लागणार हाय." मग काशम्माचा आवाज खाली गेला. "पेपर बंद केला, मासिकबी करतीया. आता हे कुठं वाचणार?"

"अगं बया! डाक्टर काय म्हणला?"

"दिवाळीबी निघायची न्हाय, म्हणला. यांना बोलू नगंस."

दुधाची धार भांड्यात पडली. अण्णारावांनी चादर तोंडावर ओढून घेतली.

म्हणजे असं होतं तर. मागच्या महिन्यात दोघं दवाखान्यात गेली होती. त्यांचा खोकला, तिचं पोट. एका खेपेत दोन्ही उरकू, असं तिनंच ठरवलं होतं. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी अण्णारावांना बाहेर बसवलं आणि काशम्माला थांबवून घेतलं. बाहेर आल्यावर "काय न्हाय, औषध दिलंय," एवढंच ती म्हणाली होती आणि घर येईपर्यंत तिनं त्यांचा हात सोडला नव्हता.

मग एकेका गोष्टीचा अर्थ लागत गेला. काशम्माचे उपास वाढले होते. सोमवार होताच, त्यात गुरुवार आला, शनिवार आला. आपल्या आयुष्यासाठी ती पोट मारते आहे, हे अण्णारावांना कळत होतं. तिनं डब्यांना दोरे बांधले. साखरेच्या दोऱ्याला एक गाठ, मिठाच्याला दोन. आणि मागं लागून त्यांना चहा करायला शिकवला. "बसून बसून मन खातं माणसाचं," म्हणाली. जाणाऱ्याला गुंतवून ठेवायची ही रीत असावी.

एकच गोष्ट जुळत नव्हती. सगळीकडे हात आखडणारी काशम्मा टपाल कचेरीत जाऊन रेडिओचं लायसन मात्र वर्षाचं भरून आली.

आपल्यामागं घरात कुणाचा तरी आवाज हवा म्हणून असेल, असं अण्णारावांच्या मनात आलं.

आता मासिकाला काय कळवायचं? चालू ठेवा म्हणावं, तर वर्षभर जगतंय कोण? बंद करा म्हणावं, तर ती आपल्याच मरणावर सही.

नवा अंक आला की संध्याकाळी दोघं ओसरीवर बसत. तो त्यांचा सण असे. एका संध्याकाळी काशम्मानं जुनाच अंक काढला, पण तो तिच्या मांडीवर तसाच राहिला.

शेवटी अण्णारावांनी धीर केला. "काशम्मा, मी वाचेन का गं?"

बांगड्यांची किणकिण थांबली.

"सोमलिंगाला सांगून ठेवलंय मी," ती म्हणाली. "रोज येत जाईल. लई भला हाय."

शेजारचा सोमलिंग गल्लीत कुणी गेलं की सगळ्यांच्या आधी हजर असे. उचलायला माणूससुद्धा ठरला तर.

"आणि तुझं कसं होणार?"

"माझं काय घेऊन बसलाय!" ती हसली. "उठा, चहा टाका बघू. साखरंला गाठी किती?"

"एक."

"शाबास!"

दिवाळी होऊन गेली. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी सोमलिंगानं अण्णारावांचा हात धरून पेटीच्या तोंडाला लावला.

"हं, टाका अण्णा."

"थांब. काय लिहिलंस ते एकदा वाच."

सोमलिंगानं घसा साफ केला. "'अंक बंद करावा. मला दिसत नाही, आणि वाचून दाखवणारी काशम्मा दिवाळीआधी गेली.'"

अण्णारावांनी कार्ड आत सोडलं.