म्कोंगे क्लबचे फाटक

पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरातल्या म्कोंगे क्लबचा फुटबॉल संघ स्वतःच्या मैदानात फाटकातून शिरत नाही. पूर्वेच्या भिंतीवर चढतो आणि आत उतरतो. पाहुणा संघही तसेच करतो. फाटक सताड उघडे असते. त्यातून पंच, प्रेक्षक आणि शेळ्या जातात.

क्लबचे चिटणीस होसेया म्हिना हे पदार्थविज्ञानाचे निवृत्त शिक्षक. क्लबच्या साठीनिमित्त त्याचा इतिहास लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. फाटकाखाली कुणीतरी काहीतरी पुरले आहे, ते ओलांडणाऱ्या खेळाडूचे पाय जड होतात, असे त्यांना गावभर ऐकायला मिळाले. पुरणारा मात्र तोंडागणिक वेगळा होता, आणि पंचांचे पाय का जड होत नाहीत याचे उत्तर कुणाकडेच नव्हते.

त्या शनिवारी हा प्रश्न इतिहासापुरता राहिला नाही. भिंतीवरून शिरणारा संघ हरला असे धरले जाईल, असा नवा नियम महासंघाने केला होता. गटात टिकून राहायला म्कोंगेला एका गुणाची गरज होती. सामना निरीक्षक बाई फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. पाहुणा संघ अजून बसमध्येच होता आणि खिडक्यांतून पाहत होता.

"भिंतीवरून गेलो तर हरलो, मास्तर," कप्तान झुबेरी म्हणाला. "फाटकातून गेलो तरी हरलोच. मग भिंत काय वाईट? निदान पाय तरी शाबूत राहतील."

"आधी खाली काय आहे ते पाहू," म्हिना म्हणाले आणि त्यांनी कुदळ मागवली.

त्यांनी स्वतः गुडघाभर खणले. एक मूळ निघाले, बाटल्यांची बुचे निघाली आणि शेवटी एक नाणे निघाले. त्याच्या मधोमध भोक होते. खेळाडूंच्या घोळक्यातून एक सुस्कारा गेला.

"घ्या," गोलरक्षक शेमदोए म्हणाला. "निघालं."

"हा साहेबाच्या राज्यातला भोकाचा पैसा आहे," म्हिना म्हणाले. " तेव्हा सगळ्यांच्या खिशात असायचा."

"म्हणून तर, मास्तर. कुणाला संशय येणार?"

पुरावा उलटा पडला तरी तो आपल्याच बाजूचा मानणाऱ्या मुलांशी म्हिनांनी उभा जन्म काढला होता. घाम पुसायला त्यांनी मान वर केली, आणि ती तशीच राहिली. फाटकाच्या कमानीत चार भोके होती. एका आयताच्या चार कोपऱ्यांवर असावीत तशी, आणि प्रत्येकाखाली गंजाचा जुना ओघळ.

भिंतीबाहेर, आंब्याच्या सावलीत, म्विंजुमा सेम्बोजा कसाव्याचा भाजलेला कंद खात बसले होते. क्लबच्या पहिल्या अकरा जणांपैकी ते एकटे उरले होते. गुडघे गेल्यापासून ते सामने इथे बसून ऐकत.

म्हिना त्यांच्यापाशी गेले. झुबेरी मागोमाग आला.

"बाबा, फाटकावर पाटी होती का?"

"होती की."

"काय लिहिलं होतं?"

"मला कुठं वाचता येत होतं? पहारेकऱ्याची छडी तेवढी वाचता यायची." म्हाताऱ्यांनी कसाव्याला तिखटमीठ लावले. "मैदान साहेबांचं. रविवारी ते चर्चमध्ये गेले की आम्ही या भिंतीवरून आत. घंटा झाली की बाहेर. गोल व्हायचा राहिला तर पुढच्या रविवारी."

"आणि पाटी निघाल्यावर?"

"ती निघाली स्वातंत्र्याच्या वर्षी. त्यानंतरच्या पहिल्या सामन्याला सवयीनं भिंतीवरूनच आलो, आणि जिंकलो. जिंकल्यावर वाट कोण बदलतो? पुढच्या पोरांनी तर पाटी पाहिलीच नव्हती."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?" झुबेरीने विचारले.

"सांगितलं की. लोक विचारायचे, फाटकाखाली काय पुरलंय? मी म्हणायचो, काही नाही. ते डोळा मारून निघून जायचे." ते हसले. "शिवाय समोरचे घाबरत होते. आपलं काय जात होतं?"

"पण मग तुम्ही बाहेर का बसता, बाबा? भिंत जमत नसेल, पण फाटक तर उघडं असतं."

म्हाताऱ्यांनी तोंडातला घास संपवला. "फाटकानं एकदा नाही म्हटलं होतं. मी पुन्हा विचारलं नाही."

झुबेरी खड्ड्याकडे पाहत राहिला. "आणि खरंच खाली काही असलं तर?"

"तर आधी माझ्या पायांना होऊ दे. ते असेही जडच आहेत. हात दे."

कमानीखाली ते थांबले. त्यांनी मान वर करून ती चार भोके पाहिली, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि खड्ड्याला वळसा घालून आत गेले. त्यांच्या दंडाला धरून झुबेरी गेला. मग एकेक करून बाकीचे गेले. शेमदोएने खड्ड्यावरून जरा लांबच उडी घेतली. निरीक्षक बाईंनी कागदावर खूण केली आणि म्हाताऱ्यांना आपली खुर्ची दिली.

पाहुण्यांचा कप्तान बसमधून उतरला. "काय काढलंत खणून?" त्याने म्हिनांना हळूच विचारले. म्हिनांनी तळहात उघडून नाणे दाखवले. त्याने समजल्यासारखी मान हलवली आणि आपल्या संघाला निर्धास्तपणे फाटकातून आत नेले.

सामना बरोबरीत सुटला.

क्लबच्या इतिहासात म्हिनांनी या प्रकरणाला दोन वाक्ये दिली. फाटकाखाली काही नव्हते. क्लबच्या पहिल्या तेरा वर्षांत फाटकावर आफ्रिकी माणसांना मज्जाव करणारी पाटी होती.