घोंगडीपलीकडे

दवाखान्याच्या ओसरीत विल्फर्डने चित्रावरचं कापड ओढलं आणि जमलेली झुनी या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीची मंडळी पुढे सरकली. पांढऱ्या कॅनव्हासवर दोन फुप्फुसं होती. निळी, मधूनमधून प्रवाळाचे लाल कण. बाकी काही नाही.

"मला वाटलं, मेंढीच कापून टांगलीस!" एक म्हातारी म्हणाली. लोक हसले, पण हलले नाहीत. शेजारच्या भिंतीवर डॉक्टरांचे छातीच्या आजारांच्या आकड्यांचे तक्ते होते. त्यांच्यापुढे कधी कुणी थांबलं नव्हतं.

विल्फर्डची बहीण आर्लिंडा हसली नाही. तिचा नवरा याच दवाखान्यात धाप लागून गेला होता. दोघांनी जन्मभर घरात पिरोजाचे निळे खडे आणि लाल प्रवाळ चाकावर घासून अंगठ्या आणि कडी घडवली. आता ती एकटीच घासायची. दगडाची धूळ छातीत साठते, चाक घराबाहेर काढ, असं भाऊ सांगून थकला. तिने मधल्या दाराला जाड घोंगडी टांगली. "माझं व्हायचं ते होवो," ती म्हणायची. "माझा टायरन पलीकडे निजतो. तिकडे कणही जात नाही."

तिच्या कडेवरच्या टायरनने चित्राकडे बोट केलं. "मामा, हे काय?"

"आपण श्वास घेतो ना, त्याच्या पिशव्या."

"कुणाच्या?"

मामाने आर्लिंडाकडे पाहिलं.

आर्लिंडाने मात्र तो निळा ओळखला. रोज तिच्या चाकाखालून जाणारा. "माझ्या टेबलावरची धूळ झाडून नेलीस ना रे? विचारायचंस तरी!"

"टेबलाला हातही लावला नाही, ताई."

"मग रंगवलंस कशाने?"

"रंगवलंच नाही. कोऱ्या कॅनव्हासवर न वाळणाऱ्या डिंकाने नुसता आकार काढला, आणि हिवाळाभर तुझ्या घरी ठेवला."

आर्लिंडाला आठवलं. त्याने तो आडवाच एका कपाटावर सरकवला होता. घोंगडीपलीकडच्या. टायरनच्या उशाशी असलेल्या.

तिने पोराचं तोंड हाताने झाकलं. मग नखांतली निळी पूड दिसली आणि तिने हात झटकन मागे घेतला.

"कोराच परत मिळेल असं वाटलं होतं गं," विल्फर्ड म्हणाला.