ग्रिप सुकेपर्यंत

गिऱ्हाइकाच्या मोटारसायकलच्या मुठीवरची जुनी रबरी ग्रिप कापायला तिने ब्लेड टेकवलं आणि हात जागीच थबकला.

काठाशी बांधलेल्या तारेचा पीळ उलटा होता, डावखुऱ्या हाताचा. टोक आत दुमडून रबराखाली सरकवलेलं, तळव्याला टोचू नये म्हणून. असं बांधणारी ती एकटीच. वडिलांच्या गाडीला तिनेच तर बांधलं होतं.

टाकीचा रंग नवा, नंबरप्लेट नवी. पण तार तीच.

महिन्यापूर्वी ही गाडी तिच्या दारातून चोरीला गेली होती. वडिलांमागे गाडी दोघा भावंडांची, तिची आणि दादाची. विकायची नाही, असं आई जाताना बजावून गेली होती. असायची दादाकडे. आदल्या संध्याकाळी तिचा नवरा कामापुरती मागून घेऊन आला आणि सकाळी दारात गाडी नव्हती. दाजींनीच परस्पर विकली, असं दादा चारचौघांत म्हणाला. नवऱ्याच्या हातातून गाडीची किल्लीही त्याने हिसकावली. जुन्या ग्रिपच्या लाल रबराचा तुकडा कापून त्या किल्लीला तिनेच किचेन केलं होतं.

तेव्हापासून बोलणं बंद. ती या दुकानात कामाला लागली, हेही दादाला ठाऊक नव्हतं. नवरा मान खाली घालून जेवायचा. तान्ह्या लेकीला उचलून घेतानाही चोरासारखा आधी इकडेतिकडे बघायचा.

ती आत गेली, नवऱ्याला फोन लावला. दहा मिनिटांत पोचतो म्हणाला.

बाहेर येऊन तिने गिऱ्हाइकासमोर ग्रिप मांडल्या. तळवा रुंद आहे, जाड घ्या. नको, बोटं आखूड आहेत, पातळ बघा. प्रत्येक जोड तिने त्याला मुठीत धरून बघायला लावली.

"ताई, ग्रिप बसवताय की लग्न जुळवताय?"

तिने हसून एक जोड चढवली.

"झालं?"

"डिंक ओला आहे. आत्ता रेस पिळलीत तर ग्रिप हातात येईल. अर्धा तास बसा."

डिंक तिने लावलाच नव्हता.

"बसतो की. ज्यांच्याकडून गाडी घेतली, त्यांच्याकडून दुसरी किल्ली यायची राहिलीय. त्यांनाच इथे बोलावतो." त्याने मोबाइलवरून दुकानाचा पत्ता पाठवला.

चोर आपल्या पायांनी येणार होता.

नवरा मागच्या दाराने आला. तिने सगळं कानात सांगितलं. तो मांडणीआड उभा राहिला, आणि महिन्यात पहिल्यांदाच त्याची मान ताठ दिसली. आता दादाच्या तोंडावर मारायला खरा चोर मिळणार होता. ऊन येतं म्हणत तिने शटर अर्ध्यावर ओढलं, म्हणजे पळायला वाट नको.

बाहेर पावलं थांबली.

"आले बघा," गिऱ्हाईक म्हणालं.

शटरखालून आधी हात आत आला. हातात किल्ली होती, आणि किल्लीला लाल रबराचा तुकडा.