सोमवारची सुट्टी

पोखर्णीहून परभणीला रोज अपडाऊन करून मी पार पिळून निघाले होते. तेवढ्यात ऑफिसनं विचारलं, रोज आपल्या सोयीच्या वेळेला येता, का चार दिवस दहा-दहा तास भरून शनिवार-रविवारला जोडून सोमवारीही सुट्टी घेता?

घरी सांगितलं, तर माझ्याआधी घरानंच ठरवून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "चारच दिवसाचं घे. सोमवारी धान्याची निवडटिपण तुझ्याकडं." नवरा म्हणाला, "आईला दवाखान्यात सोमवारीच नेत जा." सासरे, म्हणजे आमचे मामा, तर लय खूश झाले. "कापूस वेचायला बाया मिळंनात. सोमवार शेताला दे."

मी चार दिवसांचंच घेतलं. चारही दिवस अंधारात निघाले आणि अंधारात परतले.

सोमवारी सकाळी मामा डोक्याला रुमाल बांधून अंगणात उभे. "चल की रुद्राणी, ऊन व्हायलंय."

मी ओट्यावर चहा पीत बसून राहिले. समोर दावणीला दोन्ही बैल निवांत रवंथ करत होते. मी त्यांच्याकडं बोट दाखवलं.



"मामा, महादेवाचा वार म्हणून सोमवारी आपण बैलबी जुंपत न्हाई."