तोंडी चौतीस

“कंबर चौतीस,” थोरली मोठ्याने म्हणाली. टेप छत्तीसवर होती.

शाळेच्या मुख्याध्यापिका बाई खूश झाल्या. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं उभी होती आणि त्यांच्यादेखत आपली कंबर चौतीसच निघाली, याचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं. काउंटरपलीकडे धाकटी जाऊ नव्या लॅपटॉपवर टकटक करत होती. थोरलीला समोरून फक्त त्याचं झाकण दिसत होतं. त्यावरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं.

हे या दुकानाचं जुनं वळण, सासूबाईंनी घालून दिलेलं. गिऱ्हाइकाची खरी कंबर चारचौघांत पुकारायची नाही. तोंडी दोन इंच कमी, वहीत खरं. आतल्या खोलीत दोघी जावांचे नवरे कापड कापायचे ते वहीवरून. गेली अठरा वर्षं माप थोरलीच घ्यायची आणि वहीही तीच लिहायची, त्यामुळे कधी घोटाळा झाला नाही. काल लॅपटॉप आला आणि लिहिण्याचं काम धाकटीकडे गेलं.

“तिला सगळं नीट समजावून सांग गं,” सासूबाई म्हणाल्या होत्या. थोरलीने सगळं सांगितलं. खांदा कुठून धरायचा, बाही कुठवर मोजायची, कोणाला खिसे खोल लागतात. दोन इंचांचं तेवढं सांगितलं नाही.

तिला हेवा वाटत होता. लॅपटॉप काही फार भारी होता असं नाही. लॅपटॉपच्या दुकानातला सगळ्यांत स्वस्त तोच होता. सुरू व्हायला एवढा वेळ घ्यायचा की तेवढ्यात दोन काजं करून झाली असती. काल त्याने आधी भाषा विचारली, मग नाव विचारलं, मग पासवर्ड मागितला, आणि शेवटी ‘थोडं थांबा’ म्हणत चाळीस टक्क्यांवर अडीच तास ठिय्या देऊन बसला.

“एवढ्या वेळात बाळंतीण मोकळी झाली असती,” थोरली म्हणाली. कोणी हसलं नाही. सगळं घर त्या पडद्याभोवती कोंडाळं करून उभं होतं. सासरे तर चष्मा पुसून आले होते. तिचा स्वतःचा नवरा, ज्याने अठरा वर्षांत तिच्या वहीचं एक पान कधी कौतुकाने उलटलं नव्हतं, तो धाकटीला म्हणाला, “वा, हुशार आहेस हं!” आणि सासूबाईंनी वही उचलून खालच्या फळीवर, बोथट कात्र्यांशेजारी ठेवून दिली. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

एक आशा मात्र होती. लॅपटॉप पसंत पडला नाही तर दुकानदार सात दिवसांत परत घेणार होता. मुख्याध्यापिका बाईंचा कोट त्याच्यावरून शिवून बघायचा, जमला तर ठीक, नाहीतर खोक्यात घालून रवाना, असं सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, याचे सातच, असं थोरलीने मनाशी धरलं. त्या आठवड्यात तिने लॅपटॉपकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“जाऊबाई, इकडे या ना, तुम्हालाही दाखवते,” धाकटी रोज बोलवायची.

“तुझं चालू दे,” थोरली म्हणायची, आणि टेप विनाकारण पुन्हा गुंडाळत बसायची.

सहाव्या दिवशी बाई कोट घालून बघायला आल्या. थोरली टाचण्यांची डबी घेऊन मुद्दाम आरशाजवळ उभी राहिली. आता पोटावरचं बटण लागणार नाही. बाई लालबुंद होतील. सासूबाई खोकं शोधायला लागतील. मग आपण खालच्या फळीवरून वही काढून द्यायची, अगदी साळसूदपणे. सगळं तिच्या डोळ्यांपुढे तयार होतं.

बाईंनी पहिलं बटण लावलं. दुसरं लावलं. पोटावरचं तिसरंही सहज लागलं. त्यांनी आरशात उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, दोन्ही हात वर करून पाहिले.

“मशीनच्या मापाची गोष्टच वेगळी,” त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी तिथल्या तिथे खोकं रद्दीत टाकायला सांगितलं आणि बाईंना सोडायला दारापर्यंत गेल्या. थोरली तरातरा काउंटरच्या मागे आली आणि पहिल्यांदाच त्या पडद्यात डोकावली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, कंबर छत्तीस.

“मी तर चौतीस म्हणाले होते!”

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय कबूल करून बसलो. धाकटीने दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“तुम्ही चौतीस म्हणालात म्हणून तर मी छत्तीस लिहिलं. जाऊबाई, लग्नाआधी मी इथे ड्रेस शिवायला आले होते. तुम्हाला नसेल आठवत. दुकान भरलेलं होतं, आणि आता सगळ्यांसमोर माझी कंबर पुकारणार म्हणून मी लाजेने अर्धी झाले होते. तुम्ही मोठ्याने अडतीस म्हणालात. घरी जाऊन मोजली तर चाळीस. आणि ड्रेस मात्र अंगावर बेतल्यासारखा बसला.”

थोरलीने टाचण्यांची डबी काउंटरवर ठेवली.

“पुढच्याच महिन्यात या घरचं स्थळ आलं,” धाकटी म्हणाली. “तुमच्या दिरांचा फोटोही न बघता मी हो म्हटलं.”